आजचं चिंतन : धावणं सुटलं, आता पुन्हा कसं सुरू करू? (गीता ६.१६-१७ आणि ६.४०)



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७. त्यासोबत त्याच अध्यायातला श्लोक ४० पण वाचून ठेवा, शेवटी त्याच्याकडे येऊ.

गेल्या महिन्याभरात तिघाचौघांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "दादा, जानेवारीत रनिंग सुरू केलं, नॉनव्हेज पण सोडलं, सगळं मस्त चाललं होतं. मग एक आठवडा गॅप पडला आणि सगळंच सुटलं. आता मोटिव्हेशनच येत नाही. काय करू?"

खरं सांगू का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा संकोच वाटत होता. कारण मीच त्यातून नुकता बाहेर पडतोय. म्हणून आज उपदेश कमी आणि अनुभव जास्त.

श्लोकांचा भावार्थ

सोळाव्या श्लोकात भगवंत चार माणसांची नावं न घेता यादी देतात. फार खाणारा, अजिबात न खाणारा, फार झोपणारा आणि फार जागणारा. या चौघांनाही योग साधत नाही असं ते म्हणतात. लगेच सतराव्या श्लोकात कोणाला साधतो ते सांगतात. ज्याचा आहार युक्त, विहार युक्त, कामातली धडपड युक्त, झोप आणि जाग दोन्ही युक्त, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो.

इथे दोन शब्द नीट बघायचे आहेत.

पहिला 'विहार'. आपण विहार म्हटलं की बागेत फिरणं, सहल वगैरे समजतो. पण आदि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात विहार या शब्दाचा अर्थ सरळ 'पावलं टाकणं' असा दिला आहे. म्हणजे चालणं! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसूच आलं. आपण सकाळी रंकाळ्यावर जे करतो त्याचा विचार गीतेच्या भाष्यकारांनी केव्हाच करून ठेवलाय. ज्ञानेश्वर माऊलींनी तर नेवाशाला शके १२१२ मध्ये हेच मराठीत समजावलं. खाणं मापात, पावलं मापात, बोलणं मापात आणि झोपेलाही तिच्या वेळी तिचा हक्क.

दुसरा शब्द 'युक्त'. याचा अर्थ 'कमी' असा नाही. 'जुळलेलं, योग्य मापाचं' असा आहे. सोळाव्या श्लोकात अजिबात न खाणाऱ्यालाही भगवंतांनी खादाड माणसाच्याच ओळीत बसवलंय, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. अति करणाराही नापास आणि काहीच न करणाराही नापास.

माझं काय चुकलं

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझे रिपोर्ट जरा गडबड आले. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, शुगर काठावर. आमच्या आण्णांना डायबेटिस आहेच, बरीच वर्षं. डॉक्टर म्हणाले, "दोघंही चालायला लागा." मग आम्ही दोघं सकाळी सहाला रंकाळ्यावर जायला लागलो. मी, आण्णा, आण्णांची माकडटोपी. एक फेरी मारायची, बाकावर जरा बसायचं, घरी यायचं.

दोन-तीन आठवड्यांत मला चालणं स्लो वाटायला लागलं. मी पळायला लागलो. मोबाईलवर ॲप घेतलं. ॲपमध्ये पेस दिसतो, स्ट्रीक दिसते. आपण इंजिनिअर माणसं, आकडा दिसला की तो वाढवल्याशिवाय चैन पडत नाही. पाच किलोमीटर झाले, मग आठ, मग दहा. विश्रांतीचा दिवस घेतला तर स्ट्रीक तुटणार, म्हणून विश्रांती नाही.

खाण्याचंही तसंच. मटण-चिकन सोडलं, ते ठीक. पण त्याच आठवड्यात साखर, चहा, तेल, भात, दूध, सगळंच सोडलं. कोल्हापुरात रविवारी घरात तांबडा-पांढरा शिजतोय आणि मी उकडलेले मूग घेऊन सगळ्यांना लेक्चर देतोय, असं दृश्य. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही खाऊ नका, पण आम्हाला तरी सुखानं खाऊ द्या."

८३ दिवस स्ट्रीक टिकली. शेवटचे दहा-बारा दिवस नडगीत दुखत होतं. तरी पळत होतो. ८४ व्या दिवशी सकाळी पाय टेकवेना. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं. ॲपवर शून्य दिसलं आणि माझ्यातलं काहीतरी खट्टू झालं. पळणं बंद होतं, पण मी चालणंही बंद केलं. पहाटेचं नामस्मरण मी पळून आल्यावर करायचो, तेही सुटलं. मूग गेले आणि रात्री अकराला फरसाण आलं.

आणि आता जे सांगतोय ते सांगायला जड जातंय. त्या दरम्यान आण्णांचा रिपोर्ट आला. शुगर बरीच वर. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "आण्णा, रोज चालताय ना तुम्ही?" ते म्हणाले, "फेब्रुवारीपासून न्हाई जात. तू पुढं जायाचास, मग परत माझ्यासाठी थांबायाचास. मला वाटलं, पोराला आपली अडचण हुतीया."

मी ८३ दिवस मोजले होते. शेजारचा माणूस कधी यायचा बंद झाला, ते मला कळलंच नव्हतं.

गीता याला काय म्हणते

सतराव्या अध्यायात, श्लोक ५ आणि ६ मध्ये, भगवंत एका वेगळ्या प्रकारच्या तपाबद्दल बोलतात. दिखाव्यानं आणि अहंकारानं केलेलं घोर तप. अशी माणसं शरीरातल्या भूतांना उगाच कष्टवतात आणि आत बसलेल्या मलाही त्रास देतात, असं ते म्हणतात. म्हणजे दुखऱ्या नडगीवर स्ट्रीकसाठी पळणारा मी मनात समजत होतो तपस्या, आणि गीतेच्या हिशोबात ती जमा होत होती भलत्याच खात्यात.

यातून एक कसोटी मिळते. तुमची सवय तुम्हाला मऊ करते की कडक? पळून आल्यावर घरातल्यांशी तुम्ही जास्त प्रेमानं बोलता, की त्यांच्या ताटात डोकावून नाक मुरडता? दुसरं होत असेल तर किलोमीटर कितीही असोत, कुठेतरी युक्त सुटलंय.

माळकरी मामा

माझे मामा राधानगरी तालुक्यात शेती करतात. माळकरी आहेत. तरुण वाचकांसाठी सांगतो, गळ्यात तुळशीची माळ घातली की मांसाहार आणि दारू सुटली, एकादशी लागली आणि जमेल तशी पंढरीची वारी लागली. आपण आज ज्याला 'प्लांट-बेस्ड लाइफस्टाइल' म्हणतो ती आपल्याकडच्या लाखो शेतकऱ्यांनी कुठलंही ॲप न वापरता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. (दूध-ताक त्यांच्यात चालतं, म्हणजे व्हीगन नव्हे. पण भाकरी, आमटी, उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी हा रोजचा पाया.)

माझी हकीकत ऐकून मामांनी विचारलं, "मग आता का जाईनास?"

मी म्हणालो, "मामा, सलग चाललेलं तुटलं. आता परत एकपासून मोजायचं."

"कोण मोजतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मीच विचारलं, "तुमची वारी कधी चुकली नाही का?"

"चुकली की. पाय मोडला हुता तवा चुकली. तुझी मामी आजारी हुती तवा चुकली. म्हणून काय माळ काढून ठेवायची व्हय? पुढल्या साली गेलो."

वारीकडे जरा प्रॅक्टिसच्या नजरेनं बघा. आळंदीहून माऊलींची पालखी निघते आणि साधारण अडीचशे किलोमीटर चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. पण सगळे दिवस सारखे नाहीत. पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन मुक्काम. म्हणजे विश्रांतीचे दिवस रचनेतच आहेत! पुणे ते सासवड हा सर्वांत मोठा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. काही टप्पे अगदी लहान. मध्ये रिंगण आहे, फुगड्या आहेत, खेळ आहे. आजच्या कुठल्याही रनिंग कोचला विचारा, तो हेच सांगेल : मोठा दिवस, लहान दिवस, आरामाचा दिवस.

आणि वारीत पळणं पण आहे बरं का! माळशिरसहून वेळापूरला जाताना 'धावा' होतो. सांगतात की तिथल्या टेकडीवरून तुकाराम महाराजांना विठ्ठल मंदिराचा कळस दिसला आणि त्यांना राहवलं नाही, ते धावतच सुटले. त्या आठवणीत वारकरी आजही तो उतार पळत उतरतात. सत्तरीचे आजोबा पळतात, नऊवारी नेसलेल्या आज्या पळतात. उतार संपला की पुन्हा चाल. कारण पुढे भंडीशेगाव आहे, वाखरी आहे, मुक्काम बाकी आहेत.

मला हे फार आवडतं. इथे पळणं कोणाला मागं टाकण्यासाठी नाही. कोणीतरी दिसलंय, म्हणून पाय आपोआप उचलले गेले. आणि रोजच्या चालीचं म्हणाल तर दिंडीत पुढच्याला मागच्याची काळजी असते. टाळ एका लयीत वाजतात, त्या लयीत सगळे चालतात. म्हातारं माणूस मागं पडलं तर कोणी "पेस बिघडला" म्हणत नाही.

आपल्याकडे आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होतं. ज्यांना पंढरपूर जमत नाही त्यांनी एकदा ही दिंडी चालून बघा. मी यंदा आण्णांसोबत जेवढं जमेल तेवढं चालायचं ठरवलंय.

आता श्लोक ४०

सहाव्या अध्यायात अर्जुनाला आपलाच प्रश्न पडलाय. श्लोक ३७ आणि ३८ मध्ये तो विचारतो की श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडला, मन मध्येच ढळलं, अशा माणसाचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नाहीसा होतो का?

८४ व्या दिवशी ॲपवर शून्य बघताना मला अगदी हेच वाटलं होतं.

भगवंत चाळिसाव्या श्लोकात उत्तर देतात की चांगलं करू पाहणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही. आणि हे सांगताना ते अर्जुनाला 'तात' म्हणतात. म्हणजे आपण लहान लेकराला "बाळा" म्हणतो ना, तसं. पुढे ४३ आणि ४४ व्या श्लोकात तर ते सांगतात की आधी केलेला अभ्यास वाया जात नाही. माणूस पुढच्या जन्मी तिथूनच उचलतो आणि तो जुना अभ्यासच त्याला पुढे ओढतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर तुमचा प्रत्येक चांगला दिवस कमिट झालेला आहे. मध्ये कितीही गॅप पडू दे, हिस्टरी डिलीट होत नाही. भगवंत जर एका जन्मातून दुसऱ्या जन्मात हिशोब पुढे नेतात, तर मार्चमधून मे महिन्यात नेणार नाहीत का?

स्ट्रीक दाखवणाऱ्या ॲपमध्ये एक दिवस चुकला की शून्य. भगवंतांच्या हिशोबात ती सोयच नाही.

खाण्याबद्दल थोडं

सतराव्या अध्यायात (श्लोक ८ ते १०) आहाराचे तीन प्रकार आहेत. सात्त्विक म्हणजे रसाळ, स्निग्ध, टिकाऊ ताकद देणारा, मनाला आवडणारा. लक्षात घ्या, 'स्निग्ध' आणि 'मनाला आवडणारा' हे दोन्ही त्यात आहेत! म्हणजे तेल-तूप पूर्ण बंद करून तोंड वेडंवाकडं करत खाल्लेला आहार सात्त्विक ठरत नाही. राजस म्हणजे अति तिखट, अति खारट, जळजळ करणारा. (कटाची वाटी तिसऱ्यांदा मागणाऱ्या मिसळप्रेमींनो, मीही तुमच्यातलाच आहे. मिसळ शाकाहारी आहे, पण 'युक्त' आहे का हे तर्रीकडे बघून ठरवा.) तामस म्हणजे शिळं, वास मारणारं, उष्टं.

पूर्ण शाकाहाराकडे येणाऱ्यांसाठी तीन व्यवहाराच्या गोष्टी :

पहिली, मटण काढलं तर त्या जागी काय ठेवलं ते बघा. नुसता भात आणि बटाटा वाढला तर थकवा येणारच. रोज दोन वेळा डाळ किंवा कडधान्य हवंच. मटकी, चवळी, मूग, हरभरा, मूठभर शेंगदाणे. ज्वारीची भाकरी आणि डाळ एकत्र खाल्लं की प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं.

दुसरी, बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींच्या अन्नातून भरवशानं मिळत नाही. दूध-दही खाणाऱ्यांना थोडं मिळतं, तेही सोडणाऱ्यांना बाहेरून घ्यावंच लागतं. रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. गोळी घेण्यात श्रद्धा कमी होत नाही.

तिसरी, एकादशी. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही आली. साबुदाण्याची खिचडी, वरून बटाट्याचे वेफर्स, म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच. फळं, ताक, राजगिरा, शेंगदाणे असं साधं ठेवा. त्या दिवशी जोरात पळू नका, चाला आणि नाम घ्या. आणि डायबेटिसची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. आण्णांची एकादशी आता नामाची आहे, उपाशी राहण्याची नाही.

किती खावं यालाही शंकराचार्यांच्या भाष्यात सोपं माप आहे. अर्धं पोट अन्नाला, पाव भाग पाण्याला, उरलेला पाव वाऱ्यासाठी मोकळा. हे माप कुठल्याही ताटाला लागू पडतं.

पुन्हा सुरू करताना

मी सध्या जे पाळतोय ते लिहितो. यातलं जे झेपेल ते घ्या.

१. वेळ ठरलेली, अंतर नाही. सकाळी सहाला बूट घालून रंकाळ्यावर पोचायचं. पुढे पाय म्हणतील तसं.

२. पळताना बोलता आलं पाहिजे. मी मनात नाही, हळू आवाजात नाम घेतो. नाम घेताना धाप लागली की वेग कमी. यापेक्षा चांगलं मीटर मला सापडलेलं नाही.

३. आठवड्याला दोन दिवस विश्रांती. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध हळू तयार होतात. माझी नडगी तिथंच फसली. त्या दोन दिवशी गीतेचं वाचन जास्त.

४. दिवस चुकला तर हिशोब मांडत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं, पण करायचं.

५. आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्याच्या वेगानं. आई, वडील, शेजारचे काका, कोणीही.

आता पहिली फेरी मी आण्णांच्या बरोबर चालतो. ते बाकावर बसले की मी एक फेरी हळू पळून येतो. पहिल्या दिवशी मी परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं व्हय रं एवढ्यात?" मी म्हटलं, "झालं की आण्णा." मग आम्ही गंगावेशीत दूध प्यायलो आणि घरी आलो. ॲप अजून मोबाईलमध्ये आहे, पण स्ट्रीकचं नोटिफिकेशन बंद केलंय.

त्यांची शुगर किती उतरली, हे तुम्ही विचाराल. पुढची टेस्ट महिन्याभरानं आहे. आकडा काय येईल तो येऊ दे. रोज सकाळी पावणेसहाला ते माझ्या आधी टोपी घालून दारात उभे असतात.

आजचा संकल्प

ज्या चांगल्या सवयीला तुम्ही 'तुटली' म्हणून सोडून दिलंय, ती आज फक्त दहा मिनिटं करा. पळणं असेल तर दहा मिनिटं चाला. वाचन असेल तर एक श्लोक. सात्त्विक जेवण असेल तर आज एकच ताट. आणि करताना मनात म्हणा की मी एकपासून नाही, जिथं सोडलं तिथून सुरू करतोय.

छोटी प्रार्थना

पांडुरंगा, हे शरीर तू दिलंस, त्याचा दिखावा करायची बुद्धी देऊ नकोस. खाण्यात माप दे, चालण्यात लय दे. मी पुढं गेलो तर मागं वळून बघायची आठवण दे, आणि मागं पडलो तर पुन्हा उठायचं बळ दे.

उद्याचं वाचन : गीता ६.३४-३५. मन वाऱ्यासारखं आहे अशी अर्जुनाची तक्रार आणि भगवंतांनी सांगितलेले दोन उपाय. सकाळी फिरून आल्यावर वाचा!

राम कृष्ण हरी.